दहा वाजताची गोळी

माझा मोठा भाऊ कवळ्या करतो. डेंटिस्ट लोक पेशंटच्या हिरड्यांचं माप घेऊन आमच्याकडे पाठवतात, आम्ही त्यावर दात बसवून परत पाठवतो, आणि पेशंटला वाटतं दात डॉक्टरांनीच केले. आमचं नाव कुठेच येत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्या भावाचं नाव जिथे जिथे निघालं, तिथे पुढचं वाक्य लोक आवाज खाली आणूनच बोलले आहेत. त्यापेक्षा ते न निघालेलंच बरं.

मी त्याला दादा म्हणते. तो मला छोटी म्हणतो. मी बावन्न वर्षांची आहे, जिना चढताना दोनदा थांबते, तरी छोटीच. आमची लॅब म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी दादाचं टेबल, मेणाची वाटी, स्पिरिटचा दिवा. मागच्या खोलीत प्लास्टरच्या गोण्या, उकळायचं पातेलं आणि माझं पॉलिशचं मशीन. दिवसभर पांढरी पूड उडते. संध्याकाळी आरशात बघितलं तर मी सत्तरीची दिसते, म्हणून संध्याकाळी मी आरशात बघत नाही.

दादाची एक खोड होती. कवळीचं काम आलं की तो पेशंटचा जुना फोटो मागवायचा, तरुणपणचा, हसताना दात दिसतील असा. डेंटिस्ट वैतागायचे. एकानं तर फोनवर सरळ विचारलं, "अहो, लग्न जमवताय का तुम्ही त्यांचं?" दादा ढिम्म. म्हणायचा, "सरळ दात कुणाला असतात? सगळे एका ओळीत लावले की माणूस खरा हसला तरी खोटा वाटतो." मग कुणाच्या पुढच्या दोन दातांत सुईएवढी फट ठेव, कुणाचा सुळा किंचित वळव, असं त्याचं तासन् तास चालायचं. मी मागून ओरडायची की अरे, संध्याकाळी माणूस न्यायला येणार आहे. तो म्हणायचा, "येऊ दे की. चहा पाज त्याला."

मग त्याला आवाज ऐकू यायला लागले. हे मी आता एका वाक्यात लिहिलं, पण आम्हाला कळायला दीड वर्ष लागलं. तोपर्यंत आम्ही त्याला चिडका म्हटलं, संशयी म्हटलं. मी तर एकदा "नाटकं बंद कर" असंही म्हटलं. ते आठवलं की अजून मान खाली जाते.

नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी तो दूध आणायला म्हणून गेला आणि अकरा दिवसांनी सापडला. दुसऱ्या गावात, एका गोदामाच्या मागे, अनवाणी. डावा पाय सुजून काळानिळा झालेला. दोन बोटं कापावी लागली. शेजारपाजारचे लोक आपल्याबद्दल बोलतात, लांब गेलं की ऐकू येणार नाही, असं त्याला वाटत होतं. म्हणून तो चालत राहिला. अकरा दिवस चालून आवाज काही कमी झाला नाही.

मग औषधं सुरू झाली. पहिल्या गोळीनं हात थरथरायला लागले. दुसरीनं पायांना चैन पडेना. जेवताना उठायचा, बसायचा, परत उठायचा, बघणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. तिसरी लागू पडली. दोन महिन्यांत आवाज गेले. एका संध्याकाळी तो वहिनीला म्हणाला, "आज कुणी काही बोललं नाही," आणि वहिनी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडली. औषधाला नावं ठेवायची वेळ आली की मी आधी ती संध्याकाळ आठवते. नाहीतर माणूस कृतघ्न होतो.

पण नावं ठेवण्यासारखंही पुष्कळ होतं. वजन चोवीस किलोंनी वाढलं. सकाळी त्याला उठवायचं म्हणजे दोन माणसांचं काम. दर महिन्याला रक्त तपासायला जायचं. आणि लाळ. रात्री उशीवर टॉवेल, दिवसा खिशात रुमाल. जगाच्या तोंडांची कामं करणाऱ्या माणसाला स्वतःचं तोंड आवरेना. यावर पूर्वीच्या दादानं स्वतःच दहा विनोद केले असते. हा नुसता रुमाल घडी करून पुन्हा खिशात ठेवायचा. हात चालायचा, पण जड. फोटो मागवणं त्यानं बंद केलं. अठ्ठावीस दात, कवायतीला उभे केल्यासारखे. डेंटिस्ट मात्र खूश, कारण काम वेळेवर जायचं.

वहिनी एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. तिचं म्हणणं पहिल्यापासून एकच. मी कधी दादाच्या गप्प बसण्याबद्दल कुरकुरले की ती म्हणायची, "ताई, मला पायाची दोन बोटं कमी असलेला नवरा चालतो. अख्खा हरवलेला नाही चालत." अकरा दिवस पोलिस चौक्या आणि दवाखाने पालथे घातले होते ते तिनं. मी फोनपाशी बसून होते.

गोळ्या दोन वेळच्या. रात्रीची वहिनी द्यायची आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहायची. सकाळची, दहा वाजताची, माझ्याकडे. मी चहाबरोबर गोळी टेबलावर ठेवायची, "दादा, गोळी" म्हणायची, तो ती तोंडात टाकायचा, मी आत मशीनवर जायची. सात वर्षं हा क्रम चुकला नाही, म्हणजे मला तसं वाटत होतं.

या वर्षाच्या सुरुवातीला दादानं एक दिवस मेण गरम करता करता विचारलं, "या बाईंचा फोटो नाही पाठवला?"

मी मशीन बंद केलं. नीट ऐकलं ना, म्हणून पुन्हा विचारलं. मग तो विचार बदलायच्या आत डेंटिस्टला फोन लावला. फोटो आला. सायकल धरून उभी असलेली विशीतली मुलगी, पुढचा एक दात दुसऱ्यावर जरासा चढलेला. दादानं तो दात तसाच चढवला. चार दिवसांनी डेंटिस्टचा फोन आला की आजीबाईंनी आरशात पाहिलं आणि बराच वेळ आरसा सोडेचनात. त्या दिवशी मी दादासमोरच रडले. तो म्हणाला, "छोटे, प्लास्टरवर पाणी पडतंय." त्याचा विनोद मी किती वर्षांनी ऐकत होते!

पुढचे दोन महिने फार छान गेले. तो काम करताना गुणगुणायचा. शेजारच्या चष्म्याच्या दुकानदाराची नक्कल करायचा. वहिनी एकदा शाळेतून परस्पर लॅबवर आली, मेणात उभे केलेले दात तिनं उचलून खिडकीशी नेऊन पाहिले आणि म्हणाली, "हे पुन्हा पूर्वीसारखे लावताहेत." आम्ही दोघींनी दातांकडे बघून ठरवून टाकलं की दादा बरा होतोय, औषध अखेर मानवलं. मी तर मनाच्या डॉक्टरीणबाईंनाही तसं सांगून आले. त्यांनी विचारलं, "काही वेगळं जाणवतंय का?" मी म्हटलं, "सगळं चांगलंच वेगळं."

दोन गोष्टी मी सांगितल्या नाहीत, कारण मला त्या सांगण्यासारख्या वाटल्याच नाहीत. एक म्हणजे, काम संपलं की दादा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवायला लागला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बघत बसतात." मी हसले. दुसरी म्हणजे, फोन वाजला की विचारायचा, "माझ्याबद्दल होतं?" मी म्हणायची, "तुझ्याबद्दलच, तारीफ चालली होती." आणि खरंच तारीफ असायची. मग मला खटकणार कुठून?

एका मंगळवारी एक प्लास्टरचा साचा डब्यात बसेना. कवळी शिजवायच्या आधी साचा पितळी डब्यात पुरून ठेवावा लागतो, आणि याचं बूड फार जाड झालं होतं. साचे ओतायचं काम दादाचं, जाड बूड चाकावर घासून पातळ करायचं माझं. मी पाणी सोडलं, घासायला घेतलं आणि पांढऱ्यात एक पिवळा ठिपका उमटला. वाटलं, घाण असेल. आणखी घासलं तर ठिपका गोल झाला. मधली रेघसुद्धा दिसायला लागली. अर्धी झिजलेली गोळी होती ती, दहा वाजताची.

रॅकवर आणखी सहा साचे होते. मी हातोडी घेतली आणि एकेक फोडला. सहांतून सहा गोळ्या निघाल्या. एरवी कवळी शिजली की साचा फोडून कचऱ्यातच जातो, आणि तो कचरा रोज माझ्याच हातानं मी बाहेर नेऊन ठेवत होते.

मी तो घासलेला तुकडा दादाच्या टेबलावर ठेवला. "हे काय?"

तो खोटं बोलला नाही. "दहाची गोळी," म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिला फोटो मागितला त्याच्या आधी तीन आठवडे."

"आणि रात्रीची?"

"रात्रीची घेतो. ती समोर उभी असते." मग म्हणाला, "तू नसतेस."

मी त्याला वाट्टेल ते बोलले. पायाच्या बोटांपर्यंत गेले. तो ऐकत राहिला. रोज लोकांच्या हिरड्यांचे खाचखळगे बोटांनी चाचपणारी मी, समोरच्या तोंडात एकदा डोकावले नव्हते. राग खरा माझाच मला आला होता, आणि बोलणी तो खात होता.

मी दमून गप्प झाले तेव्हा तो म्हणाला, "गोळी घेतली की सगळं लांब जातं, छोटे."

"आणि नाही घेतली की?"

त्यानं भिंतीकडे उलट्या ठेवलेल्या फोटोंकडे पाहिलं. "नाही घेतली की फारच जवळ येतं."

"आवाज?"

"अजून बोलत नाहीत. बोलतील असं वाटतं."

मी फोन केला, तशी वहिनी शाळेतून धावत आली. ती ओरडली नाही. तिनं त्या सात गोळ्या रुमालात बांधल्या आणि मला विचारलं, "तुम्हाला कळलं कसं नाही?"

"दात चांगले होत होते," मी म्हटलं.

"दात!" ती म्हणाली, आणि पुढे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या वयानं माझ्याहून लहान आहेत, चष्मा डोक्यावर सरकवतात आणि मग टेबलभर शोधतात. वहिनीनं सुरुवात केली. दोन्ही गोळ्या पूर्ण, दोन्ही वेळा तोंड उघडून तपासून. लॅब बंद पडली तरी हरकत नाही. मी म्हटलं, डोस थोडा कमी करून बघता येणार नाही का, याच्या हातातली कला मरते आहे. वहिनी म्हणाली, "कला मरू दे." मी म्हटलं, "असं कसं बोलता?" आमची तिथेच जुंपली. बाईंनी दोघींना हात करून थांबवलं.

"तुम्ही दोघी बोललात. आता यांना विचारू या," त्या म्हणाल्या आणि दादाकडे वळल्या. "गोळीचा कुठला त्रास सोसवतो, आणि कुठला सोसवत नाही?"

दादानं रुमालानं ओठ पुसले. त्याला वेळ लागतो. बाई थांबल्या.

"लाळ चालेल," तो म्हणाला. "वजन चालेल, पँट नवीन घेतल्यात. झोप पण चालेल. हात जड होतो, तेही चालेल. दात सरळ लावले म्हणून कुणी मरत नाही."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. मी आत्ता जिच्यासाठी भांडले होते, ती गोष्ट त्यानं एका वाक्यात निकालात काढली.

"मग काय सोसवत नाही?"

त्यानं वहिनीकडे बोट केलं. "ही संध्याकाळी येते. दार वाजतं. ही आली, हे कळतं. आनंद व्हायला पाहिजे, हेही कळतं. होत नाही. मग मी तोंड तसं करतो."

बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला.

"सात वर्षं?" बाईंनी विचारलं.

"सात वर्षं. गोळी चुकवली तेव्हा एकदा झाला. चप्पल काढताना हिचा तोल गेला, हिनं भिंतीला धरलं. मला हसू आलं, आणि झाला."

वहिनी मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती. मग चेन लावून म्हणाली, "मला चालेल. नसू दे आनंद. तुम्ही घरी असा, बस."

"मला नाही चालत," दादा म्हणाला.

आवाज चढवला नाही, काही नाही. पण इतकी वर्षं आम्ही दोघी त्याच्यासाठी काय चालेल याची चर्चा करत आलो होतो, ती त्या तीन शब्दांनी बंद झाली. मला माझीच लाज वाटली आणि त्याच वेळी भीतीही वाटली.

बाईंनी विचारलं, "आणि आवाज परत आले तर?"

"तर वाढवा. मीच येऊन सांगेन."

"गेल्या वेळी नाही सांगितलंत," वहिनी म्हणाली.

"गेल्या वेळी ते आवाज आहेत हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, लोक आहेत."

शेवटी ठरलं ते असं. आधी पूर्ण डोस, फोटो त्याच्याकडे बघायचे थांबेपर्यंत. मग सकाळची गोळी पाव पावानं कमी, दर वेळी मध्ये काही आठवडे सोडून. घ्यायची नसेल तर तोंडावर सांगायचं, लपवायचं नाही. बाई म्हणाल्या, "मी खात्री कशाचीच देत नाही. पूर्ण डोस ठेवला तरी नाही, कमी केला तरी नाही." वहिनीनं मान हलवली. दमलेलं माणूस भांडण सोडून देताना हलवतं तशी. परत येताना रिक्षात आम्ही तिघं एका सीटवर अवघडून बसलो होतो.

पूर्ण डोसवर दीड महिना गेला. फोटो सरळ झाले, म्हणजे नुसते फोटो झाले. दात पुन्हा कवायतीला उभे राहिले. मग पाव गोळी कमी केली. त्याला आता अडीच महिने झाले. लाळ थोडी कमी आहे. वजन आहे तिथेच. रोज दहा वाजता मी त्याला "आ कर, जीभ वर कर" म्हणते, आणि तो खिडकीकडे तोंड करून आ करतो. बावन्नाव्या वर्षी मी मोठ्या भावाला हे सांगायचं! त्याला कंटाळा येतो, मला त्याहून जास्त येतो. आणि एक नवीनच लचांड मागे लागलंय. तो हसला तरी वहिनी आणि मी एकमेकींकडे बघतो. गप्प बसला तरी बघतो. गोळीमुळे गप्प, की आवाज ऐकतोय म्हणून गप्प, की उगाच गप्प? साध्या माणसाला साधं गप्प बसायचीही सोय राहिली नाही.

गेल्या शनिवारी दुपारी वहिनी लॅबवर आली. शाळेला सुट्टी होती, दादा घरी होता. ती आली ती सरळ त्याच्या खुर्चीत बसली. चेहरा उतरलेला.

"भांडले माझ्याशी," म्हणाली.

"दादा?"

"मी हॉलचा पडदा धुवायला काढला. तर ओरडले. न विचारता कशाला काढलास, म्हणाले. आणि वर म्हणाले, तू चोवीस तास माझ्यावर पाळत ठेवल्यासारखी बघतेस, मला वीट आलाय."

हॉलच्या खिडकीसमोर दुसरी इमारत आहे, तिच्या सगळ्या खिडक्या यांच्या घराकडे. "पडदा का नको काढायला? काय म्हणाला नक्की?"

"डोळ्यांवर ऊन येतं म्हणाले."

"ऊन म्हणाला? का कुणी बघतं म्हणाला?"

"ऊन."

"येतं का तिथे ऊन?"

"दुपारी येतं," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "थोडं येतं."

मी हात पुसले आणि फोन उचलला. डॉक्टरीणबाईंचा नंबर पहिलाच आहे. वहिनीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा ना, ताई. सात वर्षांत पहिल्यांदा भांडलेत माझ्याशी." तिचे डोळे भरून आले होते, पण ती रडत नव्हती. "हा आजारच असेल असं कुठेय? नुसतं भांडणसुद्धा असू शकतं. लोकांच्या घरी होतातच की."

मी फोन खाली ठेवला. "मग तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"काहीच नाही. घाबरले आणि पर्स घेऊन इकडे आले." तिनं पर्स टेबलावर ठेवली. "मला पण खूप बोलायचं होतं हो. कधीपासूनचं. आजारी माणसाला कसं बोलणार म्हणून ठेवलं होतं."

ती उठली. प्लास्टरच्या बेसिनवर जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं आणि पदरानं खसाखसा पुसलं.

"सोमवारपर्यंत थांबू," म्हणाली. "तोवर तो पडदा परत लावत नाही. ऊन आहे का दुसरं काही, ते मला कळेल. दुसरं असलं तर फोन मीच करते."

"आणि आता?"

"आता घरी जाते. त्यांचं बोलून झालंय, माझं राहिलंय."

ती जिना उतरली. मी खिडकीतून बघत होते. उन्हात भरभर चालली होती, एका हातानं हवेत काहीतरी ठासून सांगत, आणि तिचे ओठ हलत होते.